बिनधुराची शेगडी

लग्नाच्या पंगतीत, बसथांब्यावर, इतकंच काय पण कोणाच्या मयतीला गेलो तरी कोणीतरी हळूच शेजारी सरकतो आणि विचारतो, "केशवभाऊ, एक सांगा बरं, घरी कोनतं जळण लावू?" मी गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. त्याआधी निर्धूर चुली बांधायचो. दोन्ही मिळून तीसेक वर्षं झाली. त्यामुळे तब्येत कशी आहे हे मला कोणी विचारत नाही, जळणच विचारतात.

शहरात आता म्हणे गॅस पाण्यासारखा नळातून येतो. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत नळाला पाणी आलं तरी बाया एकमेकींना हाका मारून सांगतात, तिथं गॅसचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे ज्याच्या दाराशी जे असेल ते जळतं. ज्याच्याकडे गुरं त्याच्या गवऱ्या, ज्याच्या बांधावर तूर त्याच्या तुराट्या, जंगलाजवळच्या गावात लाकडाची मोळी. आणि लाल सिलिंडर आता जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

पण सिलिंडर असणं वेगळं आणि ते पेटवणं वेगळं. मोहाडी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्यानं वर्षभर सिलिंडर बदलून नेलं नाही म्हणून मी चौकशीला गेलो. पाहतो तर सिलिंडर जसंच्या तसं कोपऱ्यात उभं. अंगावर धुतलेल्या लुगड्याचा तुकडा, वर हळदीकुंकू.

"बिघडलं का आजा?" मी विचारलं.

"बिघडन कायले? जावई आले का पेटवतो ना."

जावई वर्षातून दोनदा यायचे. म्हातारी त्याच सिलिंडरला टेकून बसली होती आणि खोकत खोकत चुलीत काड्या सारत होती. मी एजन्सीत येऊन हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला असलेच गमतीचे किस्से लिहून मागितले आहेत. सुरुवातीला जमतील तेवढे लिहितो.

आंधळगावला कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे एक गृहस्थ होते. कोशाचा धागा काढायचा तर आधी कोसे सोड्याच्या पाण्यात बराच वेळ शिजवावे लागतात. ते हे काम चुलीवर करायचे, मंद आचेवर, तासन् तास. मी त्यांच्या मागेच लागलो की गॅस घ्या, अर्ध्या वेळात होईल. ते म्हणायचे, "लवकर कोनाले पाह्यजे जी? कोसा घाई करून शिजत नाही." मी कशाला ऐकतो! गॅस लावून दिला, आच मोठी केली, भांडं खदखदायला लागलं आणि त्या दिवशीचा धागा जागोजागी तुटला. त्यांनी भांडं उचलून परत चुलीवर ठेवलं. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण मला रागच आला, कारण त्या खोलीत पुन्हा धूर झाला होता.

धुराशी माझं जुनं वैर. माझी आई फुंकणीनं चूल फुंकता फुंकता चाळिशीतच डोळ्यांनी अधू झाली. शेवटी शेवटी मला आवाजावरून ओळखायची. म्हणून आमच्याकडे निर्धूर चुलीचं प्रशिक्षण निघालं तेव्हा पहिलं नाव मी दिलं. माती, गवत आणि शेण कालवून दोन तोंडांची चूल घालायची, मागून नळी काढून ती छपराच्या वर न्यायची. शंभरेक चुली मी स्वतःच्या हातानं घातल्या असतील. पुढं गॅस आला तसा मी एजन्सीत लागलो. नवीन घरी गॅस जोडून द्यायचा, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहायचं, ज्योत निळी आहे की पिवळी ते पाहायचं, आणि मग गावातल्या बायांना देवळासमोर नाहीतर विहारात बसवून सगळं समजावून सांगायचं. हे शेवटचं काम मला फार आवडायचं. कोणी भजन-कीर्तनात रंगतो, मी धुराच्या निंदेत रंगायचो. "बायांनो, धूर गेला का आजार गेला," हे माझं ठरलेलं वाक्य. बाया माना डोलवायच्या आणि मला बरं वाटायचं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते लिहितो.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं म्हणून नव्या जागी वसलेली बरीच गावं आमच्याकडे आहेत. त्यातल्या एका गावात शेवंताबाई राहतात. गावाचं नाव लिहीत नाही. जात ढिवराची, मासे विकून घर चालवलेलं. नवरा वारलेला. एकच मुलगी, वैशाली, ती नागपूरला दिलेली. शेवंताबाईंचं जुनं घर मातीचं होतं, वर कवेलू, म्हणजे कौलं. त्या घरात चूल पेटली की धूर कवेलूंच्या फटींतून आपला आपण वर निघून जायचा. लांबून पाहिलं तर सगळं छप्पर धुपतंय असं वाटायचं. नव्या गावात त्यांनी हौसेनं सिमेंटचं घर बांधलं. वर स्लॅब, लोखंडी दार, काचेची खिडकी. त्या घरी गॅस मीच जोडून दिला होता. गावातल्या सभेत पहिल्या रांगेत बसून त्यांनी माझं सगळं भाषण ऐकलं होतं.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. हिवाळ्यात तर पंधरा-वीस दिवस बाजेखाली मातीची शेगडी ठेवायची, तिच्यात विस्तव, आणि वर बाजेवर माय-लेकरू. सुईणींपासून चालत आलेली रीत. कवेलूच्या घरात या रीतीनं कोणाचं काही बिघडलं नाही, म्हणून स्लॅबच्या घरातही ती तशीच आली.

पूस महिन्यातली गोष्ट. वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मी तीन घरच्या तक्रारी उरकायला मोटारसायकलवरून निघालो होतो. गावाच्या नाक्यावर शेवंताबाईंनी डोक्यावरची पाटी खाली ठेवून हात केला.

"थांबा जी भाऊ. एक इचाराचं होतं."

"बोला."

"वैशाली बाळंतीन झाली. आठ दिवस झाले, पोट्टी झाली. बाजेखाली शेगडी ठेवली तं घरात धूरच धूर होऊन राहिला. जुन्या घरी असं नोतं होत. लेकराचे डोळे लालभडक झाले. दवाखान्याची आशाताई लय रागावली, म्हने धूर बंद करा. आता तुमीच सांगा, कोनतं जळण लावू?"

हा तर माझा विषय. मी गाडी चालूच ठेवली आणि बसल्या बसल्या एकेक जळण निकालात काढलं. "गॅस बाजेखाली ठेवता येत नाही, ते मनातबी आनू नका. हीटर म्हनसान तं तुमच्याकडची लाईन कवा जाईन सांगता येत नाही, वायरिंगबी हलकं हाय. लाकूड आन् गवरी धूर केल्याबिगर राहतच नाही."

"मंग काय लेकराले थंडीत ठेवू?"

"लाकडी कोळसा आना. इस्त्रीवाला वापरते ना, तो. बाहेर आंगनात पेटवाचा, लाल होऊ द्याचा. धूर पुरा गेला का मंग शेगडी अंदर न्याची."

"धूर नाही होनार ना?"

"कनभर नाही."

"रातभर ठेवली तं चालन?"

"ठेवा ना. धूरच नाही तं भेव कायचं? बिनघोर झोपा."

त्यांचा चेहरा उजळला. "तुमचं भलं होवो भाऊ," म्हणाल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि गेल्या. मीही गेलो. सबंध बोलणं चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळाचंही नसेल.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी साध्या शब्दांत सांगतो. कोंडलेल्या खोलीत विस्तव ठेवला की तो तिथली चांगली हवा खातो आणि एक विषारी वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळ्यांत पाणी येत नाही, खोकला येत नाही. धूर माणसाला खोकवून, रडवून का होईना, पण घराबाहेर काढतो. हा वायू माणसाला झोपेतच ठेवतो. लालबुंद निखारा, ज्यात धुराचा मागमूस नाही, तो हा वायू भरपूर सोडतो. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. एजन्सीनं नागपूरला प्रशिक्षणाला पाठवलं होतं तेव्हा न्हाणीघरातल्या गॅस गिझरबद्दल सांगताना हेच शिकवलं होतं, आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण ती वही गिझरसाठी होती. नाक्यावर गाडीवर बसलेलो असताना माझ्या डोक्यात फक्त धूर होता.

पाचव्या दिवशी सकाळी एजन्सीच्या मालकांचा फोन आला. त्या गावात बाळंतीण गेली, घरात आपलं सिलिंडर आहे, ताबडतोब जाऊन तपास, मीही येतो. नाव त्यांना माहीत नव्हतं. मला गाडीला किक मारायच्या आधीच कळलं होतं.

अंगणात माणसं जमली होती. पोलिस जमादार पंचनामा लिहीत होते. बाळ शेजारणीच्या मांडीवर होतं, जिवंत. पहाटे ते रडलं म्हणून शेवंताबाई त्याला घेऊन कशाबशा बाहेरच्या खोलीत आल्या होत्या. वैशालीला थंडी लागू नये म्हणून येताना मधलं दार ओढून घेतलं होतं, आणि बाहेरच्या खोलीत चक्कर येऊन पडल्या होत्या. उजाडल्यावर शेजारणीनं त्यांना उठवलं. मधलं दार उघडलं तोवर वैशाली गेलेली होती. मी आतल्या खोलीत गेलो. बाजेखाली शेगडी तशीच होती, राख पांढरीशुभ्र. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या नीट कोंबलेल्या. काम इतकं व्यवस्थित केलेलं होतं की कुठून वाऱ्याची झुळूक यायला जागा नव्हती.

माझं काम सिलिंडर तपासणं. मी फेस केला, जोडावर लावला, वाट पाहिली. बुडबुडा नाही. रेग्युलेटर बंद. नळी चांगली. सिलिंडर निर्दोष असं मी कागदावर लिहिलं आणि ते खरंच होतं.

बाहेर आलो तेव्हा जमादार शेवंताबाईंना विचारत होते, कोळसा कोणी आणला, खिडकी कोणी लावली. त्यांनी मला पाहिलं आणि माझ्याकडे हात केला. मला वाटलं, आता आलं.

"साहेब, या भाऊचा काही दोस नाही," त्या म्हणाल्या. "याइनं तं सांगतलं होतं, खिडकी उघडी ठेवत जा म्हनून. मीनंच नाही ऐकलं. मीनंच चिंध्या कोंबल्या. माह्या पोरीले थंडी लागन म्हनून."

जमादार माझ्याकडे वळले. मालकही आलेले होते. "खरं आहे का हो?"

मी हो म्हणून मान हलवली.

खिडकीचं मी सांगितलं होतं ते त्याच्या वर्षभर आधी, सभेत, सिलिंडरबद्दल, स्वयंपाकखोलीबद्दल. शेगडीबद्दल मी नाक्यावर सांगितलं होतं ते हे, की बिनघोर झोपा. त्या माउलीच्या डोक्यात त्या सकाळी दोन्ही गोष्टी एक झाल्या. पोटची पोर समोर पडलेली असताना कोणाच्या ध्यानात काय राहील? पण माझं डोकं ठिकाणावर होतं. मला दोन्ही वेळा लख्ख आठवत होत्या, आणि तरी मी मान हलवली. नोकरीची भीती होती, पोलिसांची होती, आणि सगळ्यात जास्त भीती होती ती अंगणातल्या त्या माणसांची, जी इतकी वर्षं माझं ऐकत आली होती.

पुढचं लिहायला जड जातं. मालक म्हणाले, "केशव, ही गोष्ट सगळ्या गावांत सांगत जा. लोक शहाणे होतील." मी सांगू लागलो. अमुक गावात एक बाळंतीण होती, तिच्या आईला मी सांगितलं होतं खिडकी उघडी ठेवा, तिनं ऐकलं नाही. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर सवय झाली. बाया डोळ्यांना पदर लावायच्या, घरी जाऊन खिडक्या उघडायच्या. कितीतरी घरांतून शेगड्या बाहेर गेल्या. यानं काही जीव वाचले असतील, अशी मी मनाची समजूत घालायचो, आणि ती खोटी नसेलही. पण तीच गोष्ट खरी सांगितली असती तरी खिडक्या उघडल्याच असत्या. फक्त मला कोणी पुढच्या गावात बोलावलं नसतं.

निवृत्त झालो त्या वर्षी माझा सत्कार झाला. तोही नेमका त्याच गावात, महिलांच्या कार्यक्रमात. शाल, नारळ. बोलणारे म्हणाले, केशवरावांचं ऐकलं असतं तर आपल्या गावची एक लेक आज जिवंत असती. समोर बायांमध्ये शेवंताबाई बसल्या होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या. ती शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही. कपाटात कुठंतरी असेल.

गेल्या उन्हाळ्यात घरी पाहुणे होते म्हणून त्यांच्याकडे मासे घ्यायला गेलो. शेवंताबाई ओट्यावर बसून मासा साफ करत होत्या. वैशालीची मुलगी, पायल, दारात बसली होती. आता आठ वर्षांची आहे. बाप नागपूरला, दुसरं लग्न झालेलं, अधूनमधून येऊन भेटतो. लहानपणापासून आजीनंच वाढवलेली.

"हे पाह्य पायल," शेवंताबाई म्हणाल्या, "गॅसवाले भाऊ म्हंजे हेच."

पोरीनं मला खालून वर पाहिलं. "तुमीच सांगतलं होतं खिडकीचं? आजीनं तुमचं ऐकलं असतं तं माही माय वाचली असती ना?"

शेवंताबाईंनी मान वर न करताच सांगितलं, "हो बाई, वाचली असती." हा प्रश्न त्यांनी आजवर किती वेळा झेलला असेल ते त्यांच्या आवाजावरूनच कळलं. हात थांबलासुद्धा नाही.

"म्हनूनच मी आजीसंगं जास्त बोलत नाही," पायल म्हणाली. "बाबा आले का मी नागपूरले जानार हाव. तिथंच राहीन."

मी मासे घेतले आणि घरी आलो. घरच्यांनी रस्सा केला, पाहुणे बोटं चाटत जेवले. मी पोट बिघडल्याचं सांगून उठलो.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारची बस धरून परत त्या गावात गेलो. शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बसायला पाट दिला. मी उभाच राहिलो.

"शेवंताबाई, मले तुमाले काही सांगाचं हाय. पायललेबी बोलवा."

पायल येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"त्या वक्ती नाक्यावर मीनं तुमाले खिडकीचं काहीच नोतं सांगतलं."

"सांगतलं होतं जी."

"नाही. ते मी सभेत सांगतलं होतं, सिलिंडरचं. नाक्यावर तुमी इचारलं, शेगडी रातभर ठेवली तं चालन का. मी म्हनलो ठेवा. धूर नाही तं भेव नाही म्हनलो. बिनघोर झोपा म्हनलो."

त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग सावकाश म्हणाल्या, "गाडी चालूच होती तुमची."

"हो."

"मले ऐकू नोतं येत नीट. मी जवळ आली होती." त्यांनी सूप बाजूला सारलं. "मंग पोलिसानं इचारलं तं मान काहून हलवली?"

"भेव वाटलं."

"कोनाचं?"

"साऱ्याइचंच."

"आन् मले नोतं वाटत का?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "आठ वर्सं मी सोताले इचारून राहिली, शेवंते, एवढा शिकला-सवरला मानूस सांगून गेला, तं तूनं काहून नाही ऐकलं? मले आठवतच नोतं मी काहून नाही ऐकलं ते. ही पोट्टी इचारते, आजी काहून नाही ऐकलं? काय सांगू तिले? मले वाटे माहंच डोस्कं फिरलं असन. मीच मारलं माह्या लेकीले."

"माफ करा बाई." दुसरं काय म्हणणार?

"माफी माह्यापासी कायले मागता? जिच्यापासी मागाची ते गेली."

पायल उंबऱ्यातूनच म्हणाली, "म्हंजे आजीनं ऐकलं होतं?"

"हो बेटा," मी म्हणालो. "जसं सांगतलं तसंच केलं होतं."

ती आजीकडे बघत उभी राहिली. जवळ गेली नाही. थोड्या वेळानं आत निघून गेली. शेवंताबाईंनी तिच्या मागं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

मी निघालो तसा त्यांनी हाक मारली. "किती गावात सांगतली माही गोस्ट?"

"लय गावात."

"मंग जा आता त्या साऱ्या गावात. सांगा, शेवंतानं ऐकलं होतं म्हनून. माह्या घरी येऊन सांगतलं तं काय झालं? लोक मले वळखतात ते तुमच्या गोस्टीवरून."

तेव्हापासून मी हिंडतो आहे. भंडारा तालुक्यातली बरीच गावं झाली, पवनीकडची थोडी. गुडघे साथ देत नाहीत, बसवर अवलंबून राहावं लागतं. ज्या पारावर, ज्या विहारात बसून ती गोष्ट सांगितली होती तिथंच बायांना गोळा करायचं आणि सांगायचं. लोकांना हे ऐकायला आवडत नाही. शहापूरला एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना काका, जुनं झालं ते. तुमी सांगतलं असन, तुमाले आठवत नसन." एका सरपंचांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, कशाला या वयात स्वतःचं नाव खराब करून घेता? एका गावात तर मला चहा पाजून, बोलू न देताच परत पाठवलं. वाईट वाटलं नाही असं नाही. तीस वर्षं जे नाव कमावलं ते असं गावोगाव टाकून येताना हात जड होतोच.

शेवंताबाईंकडे परत गेलेलो नाही. पायल नागपूरला गेली की आजीजवळच राहिली हेही मला ठाऊक नाही. कोणाला विचारण्याचं धाडस होत नाही.

दिवाळी झाली की थंडी पडेल. तुमच्या घरी बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल, आणि कोणतं जळण लावावं असा प्रश्न पडला असेल, तर लाकूड, गवरी, कोळसा, गॅस यांतलं काहीही पेटलेलं कोंडलेल्या खोलीत ठेवून झोपू नका. धूर नसला तरी नका. अंगावर दोन गोधड्या जास्त घाला, लेकराला आईच्या छातीशी धरा. हे मी आठ वर्षांपूर्वी नाक्यावर सांगायला हवं होतं.

आणि हा अंक अशा एखाद्या गावात पोचला जिथं मी अजून परत जाऊ शकलो नाही, तर वाचता येणाऱ्यानं हे चार बायांना वाचून दाखवावं. मी तुमच्या गावात येऊन सांगितलं होतं की एका आईनं माझं ऐकलं नाही म्हणून तिची मुलगी गेली. ते खोटं आहे. शेवंताबाईंनी माझं ऐकलं होतं.